कापणीच्या सणाला नवापूरकडे

गुरुवार

नगरहून निघायला दहा वाजले. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही अकरा जण. महिला मंडळाच्या पाच जणी, तरुण संघातली चार मुलं, आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार काका आणि नर्स म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या मावशी. मागच्या सीटवर दुरुस्त करून आणलेली पेटी, गायनाची पुस्तकं, तांदळाची दोन पोती आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात द्राक्षरसाच्या चार बाटल्या. छपराचे पत्रे आधीच धुळ्याहून परस्पर पोचवले होते.

जायचं होतं नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, विसरवाडीपासून आत असलेल्या एका पाड्यावर. तिथे चाळीसेक घरांची एक मंडळी आहे. सहा वर्षांपासून आमची मंडळी त्यांच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पगारातला थोडा वाटा उचलते. दर महिन्याला पैसे जातात, पावती येते, वर्षाच्या सभेत आकडा वाचला जातो. मी स्वतः तो आकडा दोनदा वाचून दाखवला आहे. पण ज्यांच्यासाठी तो जातो त्यांच्यातलं एकही तोंड मी पाहिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत होती. यंदा त्यांनी कापणीच्या सणाला बोलावलं तेव्हा मी सगळ्यात आधी नाव दिलं.

शिर्डी, कोपरगाव, मनमाड. मालेगावच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, तिथे दीड तास गेला. धुळ्याला ढाब्यावर जेवायला चार वाजले. आम्ही अकरा जण दोन टेबलं जोडून बसलो, काकांनी प्रार्थना केली. ड्रायव्हरदादा कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर जेवले. ढाब्यांवर तशीच पद्धत असते, त्यामुळे तेव्हा काही वाटलं नाही.

साक्री सोडून कोंडाईबारीच्या घाटाला लागलो तोवर अंधार झाला होता. पुढे ट्रकांची रांग लागलेली. सहा वाजता पोचू असं कळवलं होतं. विसरवाडीहून आत वळल्यावर फोनची रेंज गेली आणि रस्ता विचारायलाही कुणी दिसेना. पाड्यावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

पाळकसाहेबांच्या अंगणात एक बल्ब आणि त्याच्या उजेडात तीस-पस्तीस माणसं बसलेली. "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" करत सगळी उठली. हातपाय धुवायला पाणी दिलं. मला वाटलं, प्रार्थनेची बैठक चालली असेल. मग ओट्यावर ताटाने झाकलेली पातेली दिसली. सगळी भरलेली होती. लहान पोरांना तेवढं भरवून निजवलं होतं, बाकी कुणीही जेवलं नव्हतं. दिवसभर भाताची कापणी करून आलेली ती माणसं होती.

"तुम्ही जेवून घ्यायचं होतं हो," मी पाळकीणबाईंना म्हटलं.

"तुम्ही रस्त्यात होता ना ताई," त्या म्हणाल्या, "मग आमच्या घशाखाली कसं उतरणार?"

ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा आणि कांदा. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी वाचलं होतं. पण ती डाळ चुलीवर शिजते तेव्हा तिला जो वास येतो तो काही वाचून कळत नाही.

शुक्रवार

उजाडल्यावर मंदिर पाहिलं. आमच्याकडे चर्चच्या इमारतीला आम्ही मंदिरच म्हणतो, इथेही तोच शब्द. कमरेपर्यंत विटांची भिंत, वर कूड, त्यावर जुनी कौलं. निम्म्या वाशांना वाळवी लागलेली. गेल्या पावसाळ्यात उपासनेच्या वेळी लोक एका कोपऱ्यात दाटीने बसायचे, कारण तेवढाच कोपरा कोरडा असायचा.

या भागात शुभवर्तमान आणलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा हा सगळा पश्चिम खानदेश. त्यांनी मराठीतून काम केलं, म्हणून इथली उपासना आजही मराठीत होते. घरात मात्र सगळे मावची बोलतात. गायनं मराठीत, त्यांची सूचना मावचीत, प्रार्थना दोन्हींत. गावित, वसावे, वळवी ही इथली आडनावं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्येच आलं होतं. त्या मानाने ही मंडळी तरुण आहे.

कौलं उतरवायला गावातली पोरं वर चढली. आमची चार मुलं खाली साखळी करून उभी राहिली. एकेक कौल हातोहात खाली येत होतं. दुपारपर्यंत नवे वासे बसले आणि पहिले सहा पत्रे चढले. जे-हुक कमी पडले, डांबरी वायसर तर आणायचे राहूनच गेले होते. एका आजोबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून दिले. तेच लावले.

दुपारी जेवायची हाक आली आणि मी अंगणात गेले. शाळेतून अकरा खुर्च्या आणि दोन बाकडी आणून मांडली होती, वर धुतलेली चादर. आमच्यासाठी स्टीलची ताटं. बाकीचे सगळे नंतर, खाली जमिनीवर, पानांच्या पत्रावळीवर बसणार. आम्ही बसलो. एक म्हातारी आजी हातात डाळीचं भांडं घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि आमचं जेवण होईपर्यंत उभीच होती. मी तिच्याकडे वळून पाहिलं की ती डाळ वाढायची. दोनदा असं झाल्यावर मी वळणं बंद केलं. डाळ चांगली होती, पण मला नीट जेवता आलं नाही.

संध्याकाळी आम्ही आपसात बोललो. मावशी सगळ्यांत जास्त अस्वस्थ होत्या. काकांनी बायबल काढलं आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचला. करिंथची मंडळी प्रभूभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, एकत्र यायची, पण ज्याचं त्याने आधीच जेवून घ्यायचं. कुणी उपाशी, कुणी पिऊन तर्र. पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता का? आणि शेवटी एवढंच सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. इतक्या मोठ्या भांडणावर एवढा साधा उपाय. माझ्या डोळ्यांपुढे काल रात्रीची झाकलेली पातेली आली. ही माणसं थांबली होती. न थांबलेले आम्हीच होतो.

काका उठून तिथल्या मंडळीच्या पंचांकडे गेले आणि उद्यापासून खुर्च्या नकोत म्हणाले. पंच शांतपणे ऐकत होते. मग त्यातले वडीलधारे म्हणाले, "साहेब, पाहुण्याला खाली बसवणं आम्हाला शोभत नाही. आमच्याजवळ देण्यासारखं तेवढंच आहे, तेही नको म्हणता?"

काकांना पुढे बोलता येईना. मलाही रात्री उशिरापर्यंत झोप नाही लागली. आपण मान घेतला तर ती आजी उभी राहते, नाकारला तर ते आजोबा दुखावतात. दोघांचंही खरं होतं.

शनिवार

सकाळी हुक आणि वायसर आणायला नवापूरला गेलो. बाजारात कामापुरतं फिरलो. मुलांना रेल्वे स्टेशन बघायचं होतं. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातमध्ये आहे. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला गुजरात. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, स्टेशन होतं तिथेच राहिलं. घोषणा चार भाषांत होतात. मुलांनी फोटो काढले आणि आम्ही परतलो.

मी मात्र परत येताना मनाशी ठरवलं होतं. छपराचं काम मुलं करत होती. मी सरळ पाळकीणबाईंच्या चुलीपाशी गेले आणि पदर खोचला. "मला काम सांगा," म्हटलं. त्या नको नको म्हणाल्या. तीच कालची आजी तिथे पानांचा ढीग घेऊन बसली होती. तिने काही न बोलता थोडी सरकून जागा केली.

पत्रावळी लावायला तिने शिकवलं. पळसाचं पान घ्यायचं, देठ मोडायचा, शिरांची बाजू खाली. पहिली तीन पानं टोकाला टोक भिडवून मधोमध जोडायची, मग त्यांच्याभोवती बाकीची, प्रत्येक पान आधीच्यावर दोन बोटं चढलेलं. टाके घालायला बांबूची तासलेली काडी, नखाएवढी रुंद. ती पानात खुपसायची, पलीकडून वर काढायची आणि जादा तुकडा नखाने मोडायचा. टक् असा बारीक आवाज येतो. आजीचा तो आवाज घड्याळासारखा एकसारखा चालू. मी एक लावेपर्यंत तिच्या पाच होत. माझी पहिली पत्रावळ तिने उजेडाकडे धरून पाहिली, दोन भोकं दाखवली आणि त्यांवर एक एक पान जोडून दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सात-आठ जणींनी दोनशेच्या वर पत्रावळी लावल्या. शेवटच्या शेवटच्या माझ्याही पक्क्या झाल्या. आजीने त्या तपासल्याच नाहीत.

तिथेच एक मातीचं मडकं पाहिलं. पाळकीणबाई रात्रीच्या भाताचे तांदूळ सुपात काढत होत्या. तांदूळ धुण्याआधी त्यांनी एक मूठ उचलून मडक्यात टाकली. मंडळीतल्या प्रत्येक घरात असं मडकं आहे. दर स्वयंपाकाला एक मूठ देवाची. महिन्याच्या शेवटी सगळी मडकी मंदिरात येतात. मिझोरामच्या मंडळ्यांत ही चाल १९१० पासून आहे आणि त्या मुठीमुठीच्या तांदळावर त्यांनी शेकडो सेवक पाठवले, हे मी ऐकून होते. इथे ती डोळ्यांनी पाहिली. आम्ही आणलेली दोन पोती भिंतीला टेकून उभी होती. मडक्यातले तांदूळ कुणाच्या तरी ताटातून कमी झाले होते, आमच्या पोत्यांनी मात्र आमच्यातल्या कुणाचं ताट कमी केलं नव्हतं. हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

उद्याच्या कोंबड्यांचं बोलणं निघालं तेव्हा आजी २००६ ची आठवण सांगू लागली. त्या फेब्रुवारीत देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ नवापूरला निघाली. मोठमोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि मग माणसं घरोघरच्या कोंबड्या न्यायला आली. आजीच्या सात होत्या. "सणाला दान द्यायला एक कोंबडा राखला होता," ती म्हणाली. त्या वर्षी तिने कोंबड्याऐवजी त्याची टोपली धुऊन वेदीपुढे ठेवली होती. रिकामी.

जेवायची वेळ झाली. खुर्च्या आजही मांडल्या होत्या. पण आमच्यातल्या चौघी चुलीपाशी होतो, आणि जी रांधते ती शेवटी जेवते हा तर सगळ्या महाराष्ट्राचा कायदा. आम्हाला कुणी खुर्चीवर बोलावलं नाही. पाहुण्यांचा मान काकांनी आणि मुलांनी घेतला, पंच समाधानी झाले. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही बायका चुलीभोवती गोल बसलो. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, सुकटीची चटणी. एकीच्या तव्यावरची भाकरी दुसरीच्या पानावर. आजी माझ्या शेजारी बसून जेवली. जेवताना ती मला "ताई" म्हणायची थांबली आणि "पोरी" म्हणू लागली.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात पाच-सहा वर्षांची असताना मिशनच्या आश्रयाला आली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की तिला त्या दिवसातलं फक्त एकच आठवायचं. एका लांब ओळीत बसून खाल्लेली खिचडी, आणि शेजारच्या मुलीने तिची जात न विचारणं. त्याच सुमाराला लक्ष्मीबाई टिळकांचीही ओढाताण चालली होती. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परत आल्या, तरी पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवत होत्या. मग एक दिवस विचारांती त्यांनी ते सोवळं सोडून दिलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी अन्न आलं, असं मला नेहमी वाटतं. आमच्या मंडळ्या पंगतीत जन्मल्या आहेत. आणि शहरात आता आम्ही नाताळाला केटरर बोलावतो, हातात ताट घेऊन उभ्याने खातो, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलतो आणि घरी जातो. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जेवणं उरकली आणि लाइट गेली. कंदील आले. हात धुऊन सगळी माणसं अंगणात बसली आणि एकेकाला गायला सांगितलं गेलं. तरुणांनी पेटीवर गायन धरलं, एका मुलीने मावचीत स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, मावशींनी त्यांच्या आईचं भजन म्हटलं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या प्रीतिभोजनाचं वर्णन केलं आहे. आधी प्रार्थना, मग भुकेपुरतं जेवण, मग हात धुवायला पाणी, दिवे, आणि मग प्रत्येकाने उभं राहून शास्त्रातलं किंवा आपल्या मनातलं गावं. पाळकसाहेबांनी तर्तुलियन वाचला असेल-नसेल. अंगणातला क्रम मात्र तोच होता.

रविवार

पाळकीणबाईंनी रात्री मनुका भिजत घातल्या होत्या. पहाटे त्या कुस्करून फडक्यातून गाळल्या, की प्रभूभोजनाचा रस तयार. मी आमच्या बाटल्यांचं खोकं पुढे केलं. त्यांनी ते आनंदाने घेतलं आणि विचारलं, "ह्या नाताळाला ठेवू का? आजच्या मनुका वळवीबाईंनी दिल्यात, त्यांचा मुलगा बरा झाला म्हणून." अर्थातच ठेवा म्हटलं.

नव्या पत्र्यांखाली पहिली उपासना. लोक दोन-दोन, तीन-तीन तास चालून आले होते. डोक्यावर भाताच्या पेंढ्या, तुरीच्या शेंगांचे डहाळे, भोपळे, नागलीची कणसं, पदरात अंडी, काखेत कोंबडे. वेदीपुढे एवढा ढीग झाला की पाळकसाहेबांना उभं राहायला वीतभर जागा उरली. दानाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना त्या ढिगावर हात ठेवायला बोलावलं. ज्याला पोचता येईना त्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग प्रभूभोजन. भाकर मोडली गेली, पेले ओळीतून फिरले. माझ्या उजव्या हाताला आजी, डाव्या हाताला काल छपरावर चढलेला एक पोरगा, त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली.

उपासनेनंतर लिलाव. हा कापणीच्या सणाचा सगळ्यात आनंदाचा भाग. एक भोपळा साठ रुपयांना गेला, घेणाऱ्याने तो परत वेदीपुढे ठेवला. पुन्हा लिलाव, ऐंशी. पुन्हा परत. पाचव्यांदा तो काकांनी दोनशेला घेतला आणि परत ठेवायला निघाले, तेव्हा सगळे ओरडले, "नाही, हा आता नगरला जाऊ द्या!" आजीने आणलेल्या कोंबड्याला चारशे वीस मिळाले. ती टोपली हातात घेऊन बघत होती.

पंगत दीड वाजता. खुर्च्या कुठेच नव्हत्या. कुणी काढल्या, कुणी ठरवलं, मी विचारलं नाही. मंदिरापासून आंब्यापर्यंत चार ओळी. पंच पलीकडच्या ओळीत, काकांच्या शेजारी मांडी घालून बसलेले. मावशींचा गुडघा दुखतो, त्यांच्यासाठी एक पोतं दुमडून दिलं. भात, डाळ, कोंबडीचा रस्सा, वांगं-बटाट्याची भाजी, बादल्या घेऊन धावणारी पोरं. पानं वाढून झाली तरी कुणी हात लावेना. एक कुटुंब लांबच्या पाड्यावरून अजून यायचं होतं, कडेवर मूल असल्यामुळे मागे राहिलेलं. रस्सा निवत होता. पाळकसाहेबांनी एक गायन सुरू केलं, मग दुसरं. तिसऱ्या गायनाच्या मध्यावर ते नवराबायको शेताच्या बांधावरून येताना दिसले, आणि ओळीतल्या लोकांनी सरकून त्यांच्यासाठी जागा केली. मग आशीर्वाद मागितला.

सोमवार

पहाटे निघालो. काकांच्या मांडीवर भोपळा. आजीने पळसाच्या पानांत बांधलेल्या भाकरी आणि एका डब्यात उडदाची डाळ दिली. तांदळाची एक चिमूट माझ्या हातावर ठेवून मूठ मिटवली आणि मावचीत काहीतरी म्हणाली. कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घाट ओलांडल्यावर साक्रीच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी थांबवली. ढाबा नको, डबा आहे असं सगळ्यांनीच ठरवलं. चादर पसरली, पानं सोडली, भाकरीचे तुकडे वाटले. काकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांबा."

ड्रायव्हरदादा गाडीपाशी उकिडवे बसून मागच्या टायरची हवा बघत होते. मावशींनी हाक मारली. ते म्हणाले, तुम्ही घ्या, मी पुढे धुळ्याला जेवतो. मावशींनी पुन्हा हाक मारली. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, रुमालाला पुसले आणि चादरीच्या कडेला येऊन उभे राहिले. मी सरकले.